न गळणारं पातेलं

सासूबाई जेवायला येणार म्हटल्यावर प्लंबरने सकाळी उठून पहिलं काम केलं ते पातेलं उलटं करून त्याच्या बुडावर टिचकी मारण्याचं.

"आवाज बरा आहे," तो म्हणाला.

"पातेलं आहे ते, टाकी नाही," बायको म्हणाली. पण आज ती हसली नाही.

लग्न झाल्यापासून सासूबाई या घराची पायरी चढल्या नव्हत्या. 'पाइपांत हात घालणारा माणूस माझ्या मुलीला पाण्याशिवाय काय देणार?' असं त्या लग्नाआधी चारचौघांत म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य फिरत फिरत जावयाच्या कानावर यायचं ते आलंच होतं. आता इतक्या दिवसांनी त्या येत होत्या, त्याही 'जेवून लगेच निघेन, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय' अशी तंबी देऊन. आईने एक रात्र तरी राहावं, एवढंच बायकोचं म्हणणं होतं. ते ऐकलं आणि त्या भरात प्लंबरने सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं, "आई, मटण मी करणार. झाकणाला कणीक लावून, मंद आचेवर."

पलीकडून आवाज आला, "आमचे हे करायचे तसं. वाफ गेली की मटण गेलं, म्हणायचे. बघू या."

त्या 'बघू या'ने त्याची झोप उडवली होती.

वाफ जाणं म्हणजे लिकेज. आणि लिकेजच्या बाबतीत आपल्याला कुणी बोल लावावा, हे त्याला खपण्यासारखं नव्हतं. धंद्यातला त्याचा एक नेम होता. नवी लाइन टाकली की आधी पाणी भरून टेस्टिंग करायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. तेव्हा वाटण लावलेलं मटण त्याने फ्रीजमध्ये झाकून ठेवलं, पातेल्यात पाणी भरलं, झाकणाच्या कडेने कणीक थापली आणि गॅस पेटवला. एका जागी बारीक फुसफुस झाली. तिथे त्याने कणीक दाबली. ती थांबली तर दुसरीकडे सुरू झाली. शेवटी कणकेचे दुहेरी थर देऊन त्याने झाकणावर हत्यारांची पेटी ठेवली, तेव्हा कुठे पातेलं गप्प झालं.

त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतंय तोच फोन वाजला. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात नळ तुटून कापडाचे तागे भिजत होते.

"आलोच!" तो दुसरी पेटी उचलून धावला आणि दारातून बायकोला ओरडून गेला, "गॅस मंद कर! आणि काही झालं तरी झाकण उघडू नकोस!"

बायकोने गॅस मंद केला आणि आईला आणायला ती बसस्टँडवर गेली.

शिंप्याकडचं काम चांगलंच लांबलं. नखशिखान्त भिजून परत येताना प्लंबरच्या डोक्यात एकच विचार होता, करपलं तर नसेल? घरात शिरल्या शिरल्या त्याने पातेल्यासमोर ठाण मांडलं. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक पातेल्याला आणि एक कानाला लावून त्याने कानोसा घेतला. आत खळखळ ऐकू येत होती.

"रस्सा पातळ झाला की काय?" तो स्वतःशीच पुटपुटला. उघडून बघावं, तर वाफ जाणार. न उघडावं, तर जीव जाणार.

तेवढ्यात शेजारच्या काकू खिडकीतून डोकावल्या. "मटण करताय म्हणे? मग वास कसा नाही हो?"

"काकू, वास येणं म्हणजे लिकेज!" तो अभिमानाने म्हणाला.

काकूंनी नाकाने हवा ओढून बघितली, मान हलवली आणि त्या आत गेल्या.

सासूबाई आल्या. त्यांनी पिशवी दाराशीच ठेवली, म्हणजे जाताना सोपं. ताटं मांडली गेली. प्लंबरने वरची पेटी उतरवून झाकणाला हात घातला. झाकण हललं नाही. कणीक भाजून विटेसारखी झाली होती.

"सुरीने काढा ना," बायको कुजबुजली.

सुरी वाकली. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, मग हातोडी, शेवटी मोठा पाना. बायकोने पातेलं फडक्याने दोन्ही हातांनी धरलं. सासूबाई एकदा जावयाकडे आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"गाडी चुकेल माझी," त्या म्हणाल्या.

"झालंच, आई!" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आणि फटकन झाकण निघालं. वाफेचा लोट वर गेला, विरला. तिघांनी आत वाकून पाहिलं. पातेल्यात स्वच्छ, नितळ पाणी उकळत होतं. तळसुद्धा दिसत होता.

प्लंबरला सगळं एकदम आठवलं. आता धरणी दुभंगली तर बरं, असं त्याला झालं.

"ते... टेस्टिंगचं पाणी आहे," तो म्हणाला.

"आणि मटण?"

"फ्रीजमध्ये."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सासूबाई पाण्याकडे बघतच राहिल्या.

"लग्नाआधी मी काय म्हटलं होतं, आलं होतं ना तुमच्या कानावर?"

"आलं होतं," तो मान खाली घालून म्हणाला.

"माझा शब्द खाली पडू दिला नाहीत हो, जावईबापू!" असं म्हणून त्या जे हसत सुटल्या, ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "आता मंद आचेवर किती वेळ लागेल?"

"रात्र होईल, आई."

"मग तिकीट रद्द करायला हवं," त्या म्हणाल्या. बायको आत गेली आणि कपाटातून धुतलेली चादर काढू लागली.

या वेळी कणीक सासूबाईंनी लावली. थोड्या वेळाने एका बाजूने वाफेची बारीक रेघ निघाली. प्लंबर कणकेचा गोळा घेऊन झेपावला.

"राहू द्या. वास आला म्हणजे जीव तरी भांड्यात पडतो."

"आता येतोय हो वास!" खिडकीतून काकू ओरडल्या.

सासूबाई ओट्यापाशी लसूण सोलत बसल्या. बऱ्याच वेळाने, मान वर न करता त्या म्हणाल्या, "घरचा नळ गळतोय माझ्या. रात्रभर टपटप. खाली बादली लावून झोपते."

"कधीपासून?"

"हिचं लग्न झालं तेव्हापासून."

"अहो आई, मग तिथल्या कुणा प्लंबरला बोलवायचं ना!"

"घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" त्या लसणाच्या पाकळीला म्हणाल्या.

प्लंबर उठला. त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि दाराशी, सासूबाईंच्या पिशवीशेजारी नेऊन ठेवली.