कल्हई तपासणारे भाऊकाका

भाऊकाका कुणाकडे जेवायला गेले की पानावर बसण्याआधी स्वयंपाकघरात शिरत आणि प्रत्येक पातेल्यात डोकं घालत. आत कुठे कल्हई उडालेली दिसली की तिथूनच ओरडत, "पितळ उघडं पडलंय हो!" यजमानीण मेल्याहून मेली होई.

कल्याणात ते आमच्या शेजारी राहत, एकटेच. स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. उघड्या पितळेला ताक-चिंच लागली की जिन्नस कळकतो आणि पोटात त्याचं विष होतं, हे त्यांनी आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं. एकदा गोऱ्या गार्डाने फेकलेला मुरंब्याचा रिकामा विलायती डबा ते घेऊन आले.

"अहो भाऊजी, विटाळ!" आई म्हणाली.

"विटाळ राहू द्या वहिनी, आतून बघा. पत्र्याला कल्हई! साहेब उगाच राज्य करत नाही."

माझं लग्न ठरलं तेव्हा वडील नव्हते. आईने चार घरची भांडी मागून आणली. भाऊकाकांनी ती आदल्या दिवशी उन्हात धरून एकेक तपासली. पण लग्नाच्या सकाळी कढीला तपेलं कमी पडलं आणि आईने घाईत माळ्यावरचं एक जुनं काढलं. काका तेव्हा पाहुण्यांना आणायला बंदरावर गेले होते. विहीणबाईंना सोवळ्यापायी आगगाडी चालत नसे, म्हणून वऱ्हाड ठाण्याहून मचव्यातून येत होतं. ओहोटीत मचवा गाळात रुतला. लग्न कसंबसं लागलं, पण पंगत बसायला दुपार कलली. तोवर कढी तपेल्यातच.

सासरे हसत म्हणाले, "भाऊराव, तुमचा दबदबा ऐकून आहोत. आधी तुम्ही चाखा, मग आम्ही."

काकांनी घोट घेतला. मी समोरच बसले होते. त्यांचे डोळे बारीक झाले, घोट गालातच राहिला. दाराआड उभ्या आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

काकांनी घोट गिळला. "अमृत!" म्हणाले आणि अख्खी वाटी रिकामी केली. "आणखी हवी. थांबा, मीच घेतो."

भरल्या पंगतीतून उठून ते तपेल्याशी गेले, त्यांचा पाय घसरला आणि तपेल्यासकट आडवे झाले. अंगणभर कढी. काका सोवळ्यासकट पिवळे.

"काय मेला हावरटपणा!" विहीणबाई कडाडल्या. मंडपात हशा पिकला. कुणाचा अर्धा शब्द ऐकून न घेणारे काका हात जोडून म्हणाले, "चुकलं. कढी दिसली की मला राहवत नाही." आणि ते तपेलं पालथंच उचलून विहिरीवर घेऊन गेले.

निघताना मी पाया पडायला गेले, तर ते विहिरीमागे ओकून ओकून पांढरे पडले होते. आई मऊभाताचं ताट घेऊन उभी होती.

"मुद्दाम पडलात ना, भाऊजी?"

काका तोंड पुसत म्हणाले, "गावात आता मला जेवायला बोलावतं कोण, वहिनी? एक तुम्हीच."

भातावर तूप घालायचं राहिलं होतं, ते आणायला आई आत गेली.