स्वच्छ भांड्यांचा बाजार

सरांच्या घरात अखेर शांतता नांदू लागली आणि त्या दिवसापासून त्यांना एक ओळही लिहिता येईना.

खरं तर याच शांततेसाठी सरांनी जन्मभर आरडाओरडा केला होता. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते पाठ्यपुस्तकं लिहीत. सकाळी ते टेबलाशी बसले रे बसले, की स्वयंपाकघरात भांड्यांची लढाई जुंपायची. ताटावर ताट आदळायचं, डाव पातेल्यात पडायचा.

"अगं, जरा हळू! मी इथे देशाची अर्थव्यवस्था सावरतोय!"

"सावरा, सावरा. आणि झालं की दूध उतू जातंय ते बघा!" आतून उत्तर यायचं.

ते उत्तर देणारी बायको आता लेकीकडे होती. बाळंतपणासाठी म्हणून गेली, ते बाळ रांगायला लागलं तरी परतायचं नाव नव्हतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"कसं चाललंय तुमचं?"

"उत्तम. सगळं अगदी समतोलात आहे."

"जेवता ना वेळेवर?"

"मागणीपुरता पुरवठा आहे."

"बरं मग. राहते अजून थोडे दिवस. हिची ऑफिसची रजा संपतेय."

"रहा की, घाई काय आहे!" असं सर म्हणत आणि फोन बंद झाल्यावरही तो कानाला लावून बसत. सकाळी चहा करताना हात सवयीने दोन कप काढायचा. तिचा कप ते उगीच विसळून, पुसून पुन्हा फळीवर ठेवत. तिच्यावाचून त्यांना करमत नव्हतं, हे अगदी उघड होतं. फक्त ते तोंडाने कबूल करायची पद्धत त्या घरात इतक्या वर्षांत पडली नव्हती.

तिकडे प्रकाशक 'बाजार आणि समतोल' या प्रकरणासाठी हात धुऊन मागे लागला होता. सरांचं पहिलंच वाक्य अडलं होतं.

एका सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हातून पातेलं निसटलं आणि मोरीत खणकन आपटलं. सरांच्या अंगात वीज संचारली. त्यांनी एका दमात पानभर लिहून काढलं. मग आवाज थांबला, आणि पेनही.

"मावशी, झालं?"

"दोन ताटल्या नि एक पातेलं. त्याला काय दिवस लागतोय का, सर?"

"पुन्हा धुवा."

"का? खरकटं राहिलं का कुठं?"

"छे, छान निघालीत. फळीवरची पण घ्या सगळी. आणि जरा आवाज होऊ द्या."

मावशींनी करपलेल्या पातेल्याकडे बघावं तसं सरांकडे बघितलं. "जास्तीचं पडेल," त्या सावधपणे म्हणाल्या.

"दुप्पट देतो," सर म्हणाले. तीस वर्षं किंमत या विषयावर व्याख्यानं देणाऱ्या माणसाने घासाघीस म्हणून केली नाही.

मावशी कामाला चोख होत्या. रोज सकाळी सरांकडची स्वच्छ भांडी त्या अशा काही आपटून धुवायच्या, की प्रकरण भराभर पुढे सरकू लागलं. मात्र या कामात त्यांची सकाळ जाऊ लागली, म्हणून त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींचं काम सोडलं. सेक्रेटरी म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याची चिंता वाहणारा गृहस्थ. त्यांच्या बायकोने पगार वाढवून मावशींना परत आणलं. ही बातमी जिन्यावरून खाली पोचायला कितीसा वेळ लागणार? बिल्डिंगमधल्या सगळ्या कामवाल्या बायांचं एकच म्हणणं पडलं: "स्वच्छ भांड्यांना दुप्पट आणि खरकट्यांना निम्मे, हा कुठला न्याय?" न्याय खरोखरच नव्हता. घरोघरचे पगार वाढले.

पगार वाढले, तशी लोकांनी दुसरीकडे काटछाट सुरू केली. पहिली कुऱ्हाड इस्त्रीवर पडली. बिल्डिंगमधली भली भली माणसं चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जाऊ लागली. जिन्याखालचा इस्त्रीवाला थंड इस्त्री घेऊन माश्या मारत बसला आणि त्याने त्या कोपऱ्याचं भाडं थकवलं. त्यात काही घरांनी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत मेंटेनन्स लांबवला. सोसायटीच्या खात्यात खडखडाट झाला. नेमकी तेव्हाच लिफ्ट बिघडली आणि दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून बंदच पडून राहिली.

"माझे गुडघे काही जिने चढायचे नाहीत, सर," मावशी खालूनच ओरडल्या. "लिफ्ट सुरू झाली की येते!"

सर तिसऱ्या मजल्यावर राहत. घरात पुन्हा ती शांतता आली. प्रकरण शेवटच्या पानावर अडलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी धापा टाकत दारात उभे राहिले. शर्टाच्या कॉलरचं एक टोक आकाशाकडे, एक पाताळाकडे.

"सर, ही सगळी आग तुमच्या मोरीतून लागलीय."

"बसा, बसा. किती सुंदर उदाहरण आहे बघा!" सरांचे डोळे चमकले. त्यांनी टेबलावर तीन कप मांडले. "हा श्रमबाजार, हा वस्तूंचा बाजार, आणि हा पैशाचा. आपल्याला वाटतं तिन्ही वेगळे. पण एकाला धक्का लागला की बाकीचे दोन हललेच. कारण तुमचा खर्च ही कुणाची तरी कमाई असते. तुम्ही शर्ट चुरगळलेला घातलात, म्हणून लिफ्ट बंद पडली."

"मी चुरगळलेला घातला, कारण तुम्ही धुतलेली भांडी धुतलीत!"

"तेही आहेच," सर मोठ्या मनाने म्हणाले. "पण घाबरू नका. मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात, तिथे किंमत स्थिरावते. समतोल येतोच येतो."

"कधी?"

"पुस्तकात तारीख देत नाहीत."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सर, मला एक सांगा. स्वच्छ भांडी घासून घ्यायची गरजच काय पडली तुम्हाला?"

सर तिसरा कप पुसत राहिले. तो तिचा होता.

"आवाजासाठी," ते म्हणाले. "घर फार गप्प झालंय हो."

सेक्रेटरींनी खिशातून फोन काढून सरांच्या बायकोचा नंबर लावला. "काकू, नमस्कार. परत या हो. बिल्डिंग हातची चालली."

पलीकडून काकूंचा आवाज खणखणीत आला. "ह्यांनी सांगितलंय का मला बोलवायला?"

"नाही, मीच आपला..."

"द्या त्यांच्याकडे फोन."

सरांनी फोन घेतला. "अगं, काही विशेष नाही. इथे सगळं समतो..."

"ते राहू द्या. वर्गात काय शिकवायचात? मी पोळ्या लाटताना ऐकायचे तुमची तालीम. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. बरोबर?"

"बरोबर. इच्छा बोलून दाखवायला हवी, आणि तिची किंमत मोजायची तयारी हवी. तरच बाजार तिला मागणी म्हणतो."

"मग? इथे लेक दिवसातून दहा वेळा म्हणते, आई, तू हवीस. तिकडून रोज निरोप येतो, रहा की, घाई काय आहे. आता पुरवठा कुठे जाईल, तुम्हीच सांगा."

सरांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी भिंतीवरचा पंखा मन लावून बघू लागले.

"ये," सर म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सांगितलं, "ये ना गं. तुझ्याशिवाय करमत नाही मला. अजिबात नाही."

मग काकू म्हणाल्या, "आणि किंमत?"

"सांगशील ती."

"सकाळचा चहा तुम्ही करायचा. आणि 'जरा हळू' म्हणायचं नाही."

"कबूल."

काकू आल्या. लेकीच्या घरची गडबड पाळणाघराने सांभाळली. इकडे वर्गणी जमली, लिफ्ट सुरू झाली, शर्ट सरळ झाले. मावशींना मात्र जुन्या पगारावर आणायला काकूंनी जंग जंग पछाडलं, पण मावशी ढिम्म. "वेतन वर चढतं, पण खाली उतरत नाही," सर आनंदाने म्हणाले, "यावर स्वतंत्र प्रकरण आहे." तेव्हा काकूंनी सरळ हिशेब केला, की एवढे पैसे द्यायचेच आहेत तर सगळी भांडी मावशींनीच घासावीत.

त्यामुळे आता सकाळी मोरीत मावशी दणादण भांडी आपटतात, सरांना हवी तशी. पण सरांच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत, हातात सरांनीच केलेला चहाचा कप घेऊन, काकू बसलेल्या असतात, आणि नातवाने काय काय केलं ते पहिल्यापासून सांगत असतात. शेवटचं पान अजून तसंच आहे.

"माझ्यामुळे अडतंय का तुमचं?" काकूंनी मधेच थांबून विचारलं. "आत जाऊन बसू?"

सरांनी पेनला टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"नको, तू बोल," ते म्हणाले. "मावशी, जरा हळू!"