काटकसरी मुलगी आणि सोनाळ्याचे पाहुणे

मराठीत माझा हात धरणारा जानेफळात कोणी नाही. पोस्टातून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण अजूनही कोणाचा अर्ज असो की पत्रिका, लोक माझ्याकडेच येतात. तेव्हा भाची सारिकाचा बायोडाटाही मीच लिहिला. गुणांपुढं एकच शब्द टाकला, काटकसरी.

सोनाळ्याहून मुलाच्या वडलांचा, धम्मरत्न यांचा, फोन आला. "इंद्रभानभाऊ, तो शब्द आवडला आपल्याले. रविवारी पोरगी पाहाले येतो."

सारिकाले मुलगा, प्रसेनजित, फोटोतच पसंत पडला होता. "मामा, हे स्थळ हातचं जाऊ देऊ नका," ती म्हणाली. मग मी कामाले लागलो. लिहिलं तर दिसलंही पाहिजे! पोह्यातले शेंगदाणे काढून घेतले. चहा अर्धा अर्धा कप. मे महिना, तरी पंखा बंद.

बहीण केसरबाई म्हणाली, "भाऊ, हे बरं दिसते का?"

"तू गप राह्य," मी म्हटलं.

पाहुणे आले. मुलाची आई महामायाबाई पदरानं वारा घेऊन राह्यल्या होत्या. त्यांनी आणखी पाणी मागितलं. मी म्हटलं, "ग्लासात अर्धं आहे, ते अगोदर संपवा."

धम्मरत्न यांनी चमचा खाली ठेवला. "भाऊ, वाया जाऊ न देणं म्हणजे काटकसर. तुम्ही तर लागते तेही देऊन नाही राह्यले. याले आमच्याकडे कंजुसी म्हणतात. चाल रे प्रसेनजित."

सगळे उठले, पण प्रसेनजितचा पाय काही निघेना. तेवढ्यात सारिका बाहेर आली. डोळे भरले होते तिचे. तिनं आधी पंखा लावला.

"काका, बसा. हे सगळं मामाचं डोकं आहे. ही साडी आईची आहे, नवी घेतली नाही, एवढीच माझी काटकसर. पाहुण्याले उपाशी वाटे लावत नाही मी. दुसरे पोहे टाकते."

महामायाबाई खाली बसल्या. "मले पोरगी पसंत आहे," त्या म्हणाल्या.

सोयरीक जमली. तिथंच लग्नाची यादी सुरू झाली. अक्षर चांगलं म्हणून लिहाले मीच बसलो. धम्मरत्न म्हणाले, "खर्च बेतानं करू. बोल पोरी, काय कमी करायचं?"

"यादीतला मामाच्या मानाचा सफारी," सारिका म्हणाली. "दोन आहेत त्यांच्याजवळ. दोन्ही अजून घडीतच आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पेन माझ्याच हातात होता. मीच खोडलं.