गाडीला मराठी शिकवताना

दातांच्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली होती आणि घेतल्यापासून ती इंग्रजीत बोलत होती. डॉक्टरांना ही गोष्ट दाढेत अडकलेल्या काडीसारखी सलत होती.

त्या दिवशी निघायचं होतं ते मुलीच्या होणाऱ्या सासरी. मुलांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आता मोठ्यांनी मोठ्यांना पसंत करणं बाकी होतं, आणि अवघड तेच होतं. "बाबा, तिथे जरा कमी बोला," असं मुलीने बजावूनही ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई पट्टा लावून बसल्या, तरी गाडी हलेना.

"अहो, निघायचं ना?"

"थांब, भाषा मराठी करतो. व्याह्यांना चक्कर मारून आणू, तेव्हा गाडी कशी आपल्या भाषेत बोलली पाहिजे."

"गाडीबरोबर पुस्तक आलंय, ते बघा तरी."

"पुस्तक बघून मी दात काढतो का?"

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. भाषांची रांग सरसर खाली धावू लागली. त्यांनी तिला अडवलं खरं, पण भलत्याच ठिकाणी. पडद्यावर मुंग्यांची वरात निघावी तशी अक्षरं उमटली.

"ही कुठली हो?"

"असेल कुठली तरी. अक्षरं बदलली म्हणून बटणांच्या जागा थोड्याच बदलतात?" डॉक्टरांनी ठामपणे एक चौकोन दाबला.

बाईंची सीट हळूहळू मागे कलू लागली आणि पार आडवी होऊन थांबली. छताकडे बघत बाई म्हणाल्या, "आता आ करू का?"

सीट सरळ करायला डॉक्टरांनी जे दाबलं, त्याने गरम हवा सुरू झाली. गरम हवा थांबवायला जे दाबलं, त्याने रेडिओ बोंबलू लागला. उशीर होत होता, म्हणून तशीच गाडी काढली. सिग्नलला थांबल्यावर डॉक्टरांना पडद्यावर एक हिरवं बटण दिसलं.

"हिरवं म्हणजे सगळं ठीक. हे कुठल्याही भाषेत तेच," म्हणत त्यांनी ते दाबलं.

रेडिओ एकदम गप्प झाला. जरा टूं-टूं झालं आणि एका बाईचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?"

"हे काय आता?"

"श्रोत्यांचे फोन घेतात ना, तो कार्यक्रम." आवाजाची खुंटी तेवढी डॉक्टरांच्या ओळखीची होती. ती त्यांनी फिरवून आवाज पार बारीक केला.

डॉक्टरांच्या खिशातला फोन गाडीला जोडलेला होता आणि त्यांनी शेवटचा फोन सकाळी व्याह्यांच्या घरी केला होता, हे त्या क्षणी फक्त गाडीला आठवत होतं.

"बरं का," सिग्नल सुटल्यावर डॉक्टर मोकळेपणाने बोलू लागले, "सकाळी यांना नुसता पत्ता विचारला, तर वाटेतला पूल कसा चुकीचा बांधलाय ते ऐकवत बसले. भूल न देता दाढ उपटावी तसं झालं मला. आणि यांना म्हणे सगळ्यातलं सगळं कळतं!"

"तुम्हाला कमी कळतं वाटतं? गाडीची भाषा मराठी करायला गेलात आणि भलतीच करून बसलात," आडव्या बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. मला त्या विहीणबाईंची दया येते. त्या बिचारीचाही जन्म 'पुस्तक बघा, पुस्तक बघा' म्हणण्यातच गेला असेल."

दार विहीणबाईंनीच उघडलं. हातात फोन होता.

"या," त्या म्हणाल्या. "आधी तुमचा फोन बंद करा."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढून बघितला, तर व्याह्यांच्या घरी लागलेला फोन अजून चालूच होता. मागे व्याही उभे होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "भूल न देता?"

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला. जमत आलेलं लग्न एका बटणापायी मोडणार, हे त्यांना स्वच्छ दिसायला लागलं.

व्याह्यांनी घसा खाकरला. अपमान गिळवत नव्हता, पण खाली नवी गाडी उभी होती.

"ती भाषा... अजून तशीच आहे?"

"आहे की."

"त्यात काय एवढं! चला, मी करून देतो."

"अहो, निदान ते पुस्तक तरी—" विहीणबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी चमकून डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. दोघींना एकदमच हसू फुटलं, ते पुरुष जिना उतरून जाईपर्यंत आवरलं नाही.

मग दोघी खिडकीशी चहा घेऊन बसल्या. खाली गाडीचे वायपर कोरड्या काचेवर फिरत होते, दिवे लुकलुकत होते, आणि दोन टकलं एकमेकांना टेकून पडद्यावर वाकली होती. एकदा हॉर्न बराच वेळ वाजला. चहा पुन्हा टाकला गेला. मुलाचा रागीटपणा, मुलीचा विसरभोळेपणा, दोघांनी वेगळं राहावं की नाही, सगळं आडपडदा न ठेवता बोलून झालं.

बऱ्याच वेळाने दोघं वर आले, ते घामाघूम होऊन आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"झाली का मराठी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जवळजवळ!" व्याही म्हणाले. "आता निदान ती कुठली भाषा आहे ते कळलंय. पुढच्या रविवारी डॉक्टर परत येतायत, तेव्हा उरलेलं उरकून टाकू."

"मोठा हुशार माणूस आहे हो," डॉक्टर बायकोला म्हणाले. "बरं, तुम्ही दोघी एवढा वेळ काय करत होता?"

"विशेष काही नाही," कप गोळा करत विहीणबाई म्हणाल्या. "लग्न ठरवलं."