पियानोतली माशी

दिवाणखान्यात नवा पियानो येऊन बसला आणि दुसऱ्याच दिवशी त्यातून झणझण ऐकू यायला लागली. फार मोठी नव्हे. बंद डबीत माशी अडकावी तेवढीच. बाईंनी डावीकडची एक पट्टी दाबली की स्वर उमटायचा आणि त्याच्या मागोमाग ही माशी.

आबांचं धाबं दणाणलं, कारण पियानो त्यांनी निवडला होता. त्यांचा सारा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेला. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, आपण काही ठरवायचं नाही. बोलतानाही ते अधेमधे थबकत, म्हणून शेजारी त्यांना पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत. त्यांची बायको, सगळ्यांच्या ‘बाई’, शाळेत पियानो शिकवायच्या. घरी मात्र पियानो नव्हता. संध्याकाळी आबा प्रुफं घेऊन बसले की बाई जेवणाच्या टेबलावर नुसत्या बोटांनी सराव करायच्या. आबा म्हणायचे, “अगं, टेबल हलतंय.” मग बाई मांडीवर वाजवायच्या. निवृत्तीनंतर एका दुपारी हे सगळं आबांना आठवलं आणि कुणालाही न विचारता ते दुकानात जाऊन पियानो ठरवून आले. उभ्या आयुष्यात स्वतः होऊन केलेलं हे एवढंच काम, आणि त्यातही खोट निघाली.

“दुकानवाले म्हणाले होते, महिनाअखेरीपर्यंत सांगा, परत नेऊ,” आबा पुटपुटले. “पण, दुसरा कधी मिळेल, काही सांगता येत नाही म्हणे. आधी, खोलीतलंच काही वाजतंय का, बघू या.”

“बघा ना,” बाई म्हणाल्या. “मी वाजवते. पण एकच पट्टी ठोकून काही कळायचं नाही हं. पूर्ण वाजवावं लागेल.”

मजकुरात गुंतून चूक सुटू नये म्हणून आबा प्रुफं शेवटच्या शब्दाकडून उलटी वाचत. तीच रीत त्यांनी इथे लावली. दारापासून सुरुवात करून पियानोकडे यायचं. आधी पुस्तकांच्या कपाटाची काच सापडली. ती थरथरत होती. तिच्या फटीत त्यांनी पुठ्ठा खोचला. मग तसबिरीची चौकट वाजताना सापडली, मग पलीकडच्या खोलीतल्या कपबशा. प्रत्येक वेळी आबा “मिळाली” म्हणत आणि बाई पुन्हा पहिल्यापासून वाजवून दाखवत. माशी असायचीच.

खोलीत तपासायला काही उरलं नाही तसे आबा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेले.

“वहिनी, जरा, तुमचं ते काचेचं झुंबर, धरून उभ्या राहाल का?”

“अहो, पोळ्या टाकायच्यात मला. किती वेळ?”

“हिचं वाजवून होईपर्यंत.”

वहिनी स्टुलावर चढून, हात वर करून उभ्या राहिल्या. माशी काही गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी वहिनीच खाली आल्या. “आबा, आज नाही का धरायचं झुंबर? काल शेवटी शेवटी काय सुरेख होतं हो ते.”

शेवटी आबा पियानोखाली आडवे झाले. लाकडाला कान लावून पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की आपण झणझण शोधायचं विसरलो आहोत आणि डोळे पुसतो आहोत. इतकं चांगलं वाजवणाऱ्या बाईला आपण असलं वाद्य आणून दिलं. ते बाहेर आले आणि कपडे न झटकताच त्यांनी दुकानात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमाल पट्टे घेऊन दारात उभे राहिले. भाजी निवडणाऱ्या बाई ताडकन उठल्या.

“हे कोण?”

“मीच बोलावलंय,” आबा खाली बघत म्हणाले. “निवडताना, माझंच चुकलं. नेऊ दे.”

“थांबा हो जरा,” बाई हमालांना म्हणाल्या. आतून त्यांनी विणकामाची लांब सुई आणली, पियानोचं झाकण वर केलं, तारांमधून सुई खाली घातली आणि इकडेतिकडे न चाचपडता केसांचा एक आकडा अलगद वर काढला. मग उभ्या उभ्याच ती पट्टी दाबली. स्वर उमटला, लांबला, विरून गेला. मागून काही आलं नाही.

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. “मग आम्ही निघू?” त्यातल्या थोरल्याने विचारलं.

ते गेल्यावर आबा खुर्चीत बसले. “तुला, ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी पडला माझ्या अंबाड्यातून. काढणारच होते.” बाई सुईला लागलेली धूळ पदराने पुसत राहिल्या. “पण तुम्ही कानात प्राण आणून ऐकायला बसलात. इतक्या वर्षांत असे कधी बसला होतात? म्हटलं, असू दे दोन दिवस.”

आबांना पुष्कळ सांगायचं होतं. टेबलाबद्दल, मांडीवरच्या बोटांबद्दल. नेहमीसारखं शब्दांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं.

“झालं ना आता समाधान?” बाई म्हणाल्या. “जा, वाचत बसा निवांत.”

आबांनी पुस्तक घेतलं, पुन्हा खाली ठेवलं आणि खुर्ची ओढत पियानोला चिकटवली.

“उजवीकडून, बारीकसं, काहीतरी येतंय अजून,” ते म्हणाले. “माझी चूकही असेल. पण, खात्री करायची तर, सगळं पहिल्यापासून वाजवावं लागेल.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग हात मागे नेऊन अंबाड्यातला दुसरा आकडा काढला आणि उजवीकडच्या तारांवर धरला.

“टाकू का?”

“नको,” आबा म्हणाले, आणि या वेळी ते अजिबात थबकले नाहीत. “नुसतंच ऐकतो.”