तात्यांच्या हरण्यातली कामं

आमच्या गावात पाहुणा आला की गुलाबतात्या त्याला गाव दाखवायला नेतात. देऊळ आणि तालीम यांकडे ते बघतही नाहीत. थेट गटारीपाशी थांबतात, तिच्या झाकणावर काठीनं टकटक करतात आणि म्हणतात, "ही माझ्या हरण्यातली." पुढं समाजमंदिर लागतं. "हे बी माझ्या हरण्यातलं. ह्याला लई थोडक्यात हरलो." स्मशानभूमीच्या शेडकडे मात्र ते लांबूनच काठी दाखवतात आणि पाहुण्याला चहाला घरी आणतात.

पाहुण्याला वाटतं, म्हातारा निवडणुका लढवत असणार. तसं नाही. गुलाबतात्या ठेकेदार आहेत. दारावर पाटी आहे: 'गुलाब कन्स्ट्रक्शन. सर्व प्रकारची शासकीय कामे.' फक्त आजवर त्यांनी एक वीटसुद्धा कुठं बसवलेली नाही.

त्याचं असं आहे. ग्रामपंचायतीचं लहान काम निघालं की तीन ठेकेदारांची दरपत्रकं लागतात आणि ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम मिळतं. डाळजच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. गावातलं प्रत्येक काम राजाभाऊच करतात. मग तीन दरपत्रकं यायची कुठून? एक राजाभाऊंचं, एक त्यांच्या मेव्हण्याचं आणि तिसरं गुलाबतात्यांचं. तिन्ही भिगवणच्या एकाच कॉम्प्युटरवर टाईप होतात. तिन्हींत आमच्या गावाचं नाव एकाच पद्धतीनं चुकलेलं असतं.

मला हे ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मी गावच्या पाणी समितीची सचिव आहे. मला याद्या करायची जुनी सवय. किराण्याची यादी, लग्नघरच्या भांड्यांची यादी, गावातल्या अर्धवट कामांची यादी. पहिल्या दोन संपतात, तिसरी संपत नाही. समितीत एक बाई घ्यायचीच होती, तेव्हा लोकांनी माझं नाव पुढं केलं.

पाकिटं फोडायच्या दिवशी गुलाबतात्या सकाळी दाढी करून, इस्त्रीची टोपी घालून सगळ्यांच्या आधी ग्रामपंचायतीत येऊन बसतात. ग्रामसेवक त्यांचं पाकीट फोडून नुसता आकडा सांगायला लागले की हात वर करतात. "समदं वाचा भाऊसाहेब. रुपये वाचा, पैसे बी वाचा." वाचून झालं, हरल्याचं जाहीर झालं, की टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि थोडा वेळ जमिनीकडं बघत बसतात. एकदा सरपंचांना हसू आवरलं नाही. तात्या चिडले.

"हसू नगा. हरायचं म्हंजी नीट हराय लागतं. उंद्या ऑडिटवाल्यानं इचारलं, तर तोंडावर दिसाय पायजे."

संध्याकाळी राजाभाऊ त्यांना भिगवणला नेऊन चिलापी मासे खायला घालतात. ही तात्यांची हरण्याची मजुरी. लग्न केलं नाही, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे तात्यांना त्या जेवणाचं अप्रूप. पण दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं की ते काठी घेऊन हजर. काठी खड्ड्यात घालून खोली बघतात, वाळू चिमटीत चोळतात, मान हलवतात.

"तात्या," राजाभाऊ म्हणतात, "तुमी हरलाय. हरल्याल्या माणसानं खड्डा मोजायचा नसतो."

"हरलोय म्हनून तर मोजतोय. माझी बी सही हाय की त्याच्यावर."

गावाबाहेर माळावर एक वस्ती आहे. तिथं तात्यांची थोरली बहीण राहते, तिला सगळे आक्का म्हणतात. आई लवकर गेली, तात्यांना आक्कानंच वाढवलं. आता तिला दिसत नाही, चालवत नाही, पण वस्ती सोडून भावाकडं यायलाही ती तयार नाही. त्या वस्तीसाठी पाईपलाईन मंजूर झाली. तात्या रीतसर हरले. राजाभाऊंनी पाईप इतका वर गाडला की पहिल्याच नांगरटीत तो फुटला. दुरुस्ती निघाली. तात्या पुन्हा हरले. या खेपेला प्रत्येक दारात चकचकीत नळ बसले आणि पाईप होता तसाच राहिला. लोक कुणाच्या तरी बोअरवरून कॅनानं पाणी आणतात. नळाला शेळ्या बांधतात. तेवढा मात्र तो पक्का बसलाय.

माझ्या यादीत हे काम तेव्हापासून आहे.

एकदा तात्या सवयीप्रमाणं कुणा पाहुण्याला घेऊन वस्तीवर गेले. आक्काच्या दारातल्या नळावर काठी वाजवली आणि म्हणाले, "ह्यो बी माझ्या हरण्यातला."

आक्का आत बाजेवर होती. तिनं विचारलं, "गुलाब, माझा बी नळ तुझ्या हरण्यातलाच का रं?"

तात्यांनी काठी नळावरून काढून घेतली.

"मंग येकदा जिकून बघ की."

हे मला आक्कानंच सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पुढं वस्तीच्या पाईपलाईनचं काम तिसऱ्यांदा निघालं. तात्या एसटीनं बारामतीला गेले, पाईपच्या दुकानांतून दर काढले, जळोचीकडं ओळखीचा एक प्लंबर होता त्याच्याकडं दिवसभर बसले. मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "वैनी, पाईप पार कमरंइतका खाली गाडायचा, तर मजुरी काय धरावी?" मी अंदाज सांगितला. मला वाटलं, म्हातारा नुसताच विचारतोय.

पाकिटं फोडायच्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तुलनेचा तक्ता आदल्या दिवशीच भरून आणला होता. तात्यांचा नंबर तिसरा. नेहमीचंच होतं ते. तात्यांचं पाकीट त्यांनी न फोडता बाजूला सरकवलं. "तात्यांचं काय बघायचंय."

"पाकीट आलंय तर फोडा," मी म्हणाले.

त्यांनी फोडलं. आत या खेपेला टाईप केलेला नव्हे, तात्यांच्या हातचा कागद होता. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "तात्या, काहीतरी चुकलंय. हे सगळ्यांत कमी आहे."

"व्हय."

"म्हणजे तुम्ही जिंकताय."

"व्हय."

राजाभाऊंना राग आला नव्हता, त्यांचं मन दुखावलं होतं. "तात्या, आपलं असं कवा ठरलं हुतं? मी मासं कमी घातलं का तुमाला?"

"मासं चांगलं हुतं," तात्या म्हणाले. "पाईप वर हुता."

मग भाऊसाहेबांना नियम सापडला. ठेकेदाराकडं पूर्वी केलेल्या कामाचा दाखला हवा. तात्यांकडं काम नव्हतं, त्यामुळं दाखलाही नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या सहीवाचून गावातलं एक पान हललं नव्हतं, तेव्हा हा नियम कुणालाच आठवला नाही.

"समद्या कामांत माझी सही हाय की, भाऊसाहेब."

"ती हरल्याची, तात्या."

मी माझा विरोध इतिवृत्तात लिहायला लावला. लिहिला गेला. इतिवृत्त कपाटात गेलं. काम राजाभाऊंना गेलं. तात्यांनी त्या दिवशी टोपी काढली नाही आणि ते भिगवणलाही गेले नाहीत.

काही आठवड्यांनी काम पुरं झाल्याची फाईल माझ्यासमोर आली. पाणी आल्याचा पुरावा म्हणून फोटो जोडला होता. आक्काच्या दारातला नळ, त्याखाली काठोकाठ भरलेला हंडा, भोवती जमीन ओली. मला एवढा आनंद झाला की मी घरी जाऊन यादी काढली. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही खोडत नाही. सकाळी स्कूटी काढली आणि वस्तीवर गेले.

पहिल्या घरचा नळ फिरवला. कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्याला शेळी होती. दारातल्या बाईला विचारलं, "पाणी येतंय ना?"

ती दुसरीकडं बघत म्हणाली, "आक्काच्याला येतंय. तितं जावा."

जवळ गेले तशी खरोखरच हंड्यात धार पडल्याचा आवाज आला. मी स्कूटी लावून भराभर पुढं गेले.

नळापाशी गुलाबतात्यांची जुनी एम-एटी गाडी उभी होती. त्यांनी पाण्याचा निळा कॅन दोन्ही हातांनी नळाच्या उंचीपर्यंत उचलून धरला होता आणि हंड्यात पाणी ओतत होते. एकदम नाही. नळाची पडते तशी बारीक धार धरून.

आतून आक्का म्हणाली, "आज बारीक येतंय रं गुलाब."

"व्हय आक्का. टाकी भरली नसंल."

त्यांनी मला पाहिलं. ओतणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर आवाज थांबला असता.

"कोन आलंय?"

"समितीच्या वैनी हायत. नळ बघाय आल्यात."

"बघू दे की. वैनी, ह्यो नळ माझ्या भावानं आनलाय. लई हरला बिचारा. पन माझ्या कामाला जिकला."

"हो आक्का," मी म्हणाले.

कॅन रिकामा झाला. तात्या माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "राजाभाऊचा मानूस आला, हंडा भरल्याला दिसला, त्यानं फोटू काढला. मला मागनं कळलं. तुमी काय खरं हाय ते लिवा, वैनी. पानी न्हाय म्हनून लिवा. फकस्त हितं बोलू नगा."

"किती दिवस हे करणार, तात्या?"

"तिला ऐकू येतंय तवर."

त्यांनी दुसरा कॅन उचलला. तो भरलेला होता, नळाच्या उंचीला धरवेना. धार हंड्याबाहेर पडायला लागली. मी पर्स स्कूटीवर ठेवली आणि कॅनला खालून हात दिला. धार जरा जाड झाली.

आत आक्का म्हणाली, "आता आला बग जोर."