साडेपंधरा बाय साडेचोवीस

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी थोरा दोनदा शिंकली. एकदाच शिंकली असती, तर मार्नीने सोडून दिलं असतं. (दिलं नसतंच, पण निदान न्याहारी तरी केली असती.) थोरा पाच आठवड्यांची, बाहेर उणे एकतीस, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप्तिस्मा. चर्चमधून सगळे जेवायला घरीच येणार होते आणि त्यांच्यात सासूबाई सिग्रिद. सून बाळाला नीट सांभाळते का, हे त्या तोंडाने कधी विचारत नसत. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून बघत.

तळघरातली भट्टी घरभर सोडते ती गरम हवाच खराब आहे, असं मार्नीने ठरवलं. नवरा हाल्दोर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघाला होता. भट्टीचा फिल्टर बदल मग, असं दारातूनच सांगून तो गेला.

तळघरात जुना फिल्टर म्हणजे धुळीची गोधडीच झाली होती; कडेवरचा आकडा पार पुसलेला. मार्नीने फीत लावली. साडेपंधरा इंच बाय साडेचोवीस. पाच वेळा लावली, तरी तेच.

दुकानातल्या म्हाताऱ्याने सांगितलं, असा आकार कुणी बनवत नाही. सोळा बाय पंचवीस न्या, प्रत्यक्षात तो साडेपंधराच भरतो. मार्नीला धक्काच बसला. सोळा म्हणायचं आणि साडेपंधरा द्यायचं? तान्ह्या बाळाच्या हवेत लबाडी? ती नाही म्हणाली. आता त्या गावात एकदा समजावणं म्हणजे माणुसकी आणि दुसऱ्यांदा समजावणं म्हणजे भांडण. म्हाताऱ्याने तिने मागितला तो, नक्की आत मावेल असा चौदा बाय वीसचा फिल्टर बांधून दिला. दोन दिले. सगळ्यात दाट विणीचे.

रविवारी चर्चला निघण्याआधी मार्नीने दोन्ही एकामागे एक बसवले आणि भोवतालच्या फटीत हाल्दोरचे दहा लोकरी पायमोजे ठासले. (हाल्दोर अनवाणी पायांत बूट घालून चर्चला गेला.)

परत आल्यावर बघते तर भट्टी जरा घुरघुरायची, हवा कोंडून नको तितकी तापायची आणि स्वतःच घाबरून बंद पडायची. पाहुणे अकरा, कोट एकानेही काढला नाही. आलुबुखाऱ्याच्या सात थरांच्या केकवर सुरी टेकली, पण आत जाईना. पाद्रीसाहेब हातमोज्यांनी कॉफीचा कप धरून म्हणाले, घर छान मोकळं आहे. शब्दांबरोबर वाफही आली. मार्नीने प्रत्येकाला विचारलं, गार तर नाही ना वाटत? प्रत्येक जण म्हणाला, "तसं वाईट नाही." त्या गावात हे शेवटच्या घटकेला म्हणतात.

मग तिने थोराच्या नाकाला हात लावला. बर्फासारखं. सगळी लाज एका क्षणात गेली.

"आई, घर गारठलंय," ती सासूबाईंना म्हणाली. "आणि ते मीच गारठवलंय."

खोलीत अकरा जणांनी एकदम श्वास सोडला. पाद्रीसाहेबांनी तर पाय बधिर झाल्याचंही कबूल केलं. सिग्रिदबाई थोराला आपल्या कोटाच्या आत घेऊन तळघरात उतरल्या, मार्नी मागोमाग. त्यांनी एका हाताने एकेक पायमोजा उपसला, दोन्ही फिल्टर फेकले. भट्टीने मोठा श्वास घेतला. मग त्यांनी भट्टीच्या दारावर वाळत घातलेली दुपटी बाजूला सारली. खाली दिवंगत सासऱ्यांचं जाड काळं अक्षर होतं: १६ × २५ × १. त्याखाली: सिग्रिद, फीत लावू नकोस. वाच.

"तूसुद्धा?" सासूबाई एवढंच म्हणाल्या.

मार्नीने नीट बघायला दिवा लावला, तशी थोरा शिंकली. दोनदा.

"काल सकाळीही अशीच शिंकली, म्हणून तर फिल्टर बदलला," मार्नी म्हणाली.

"डोळ्यांवर उजेड आला की हाल्दोरही असाच शिंकतो," सिग्रिदबाई म्हणाल्या. "मग काल दिवा कशाला लावला होतास?"

मार्नी लाल झाली. "बाळ शिंकत तर नाही ना, ते बघायला."

तर ज्यांच्या घरी भट्टी असेल, त्यांना एवढं कळवा: दारावरचा आकडा वाचा. आणि हाल्दोर भेटला तर सांगा, पायमोजे नऊच निघालेत. भट्टीत काहीतरी फडफडतंय, पण तसं वाईट नाही.